वेबसाइटची दिवाबत्ती कोण करणार?

पत्र (थोडक्यात, नाव-गाव वगळून) : मी तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची मानद कार्यवाह आहे. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. वाचनालयात ३८ हजार पुस्तकं आहेत, दोन पगारी कर्मचारी आहेत, आणि दर जानेवारीत आठवडाभर व्याख्यानमाला असते. २०१३ मध्ये एका मुलानं हौसेनं आम्हाला जुमला नावाच्या सॉफ्टवेअरवर वेबसाइट करून दिली. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. मग साइटवर जपानी मजकूर दिसायला लागला, नंतर डोमेनची, म्हणजे साइटच्या पत्त्याची, मुदत संपली, आणि आज त्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती येतात. आता एका देणगीदारानं नव्या साइटसाठी २५ हजार रुपये दिलेत. पुढे वर्षाला आठेक हजार आम्ही काढू शकतो. कार्यकारिणीत तीन मतं आहेत. एका विश्वस्तांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो ड्रुपल घ्या, सरकारी साइटही त्यावर असतात, सगळा कॅटलॉग आणि स्मरणिकांचे जुने अंक त्यातच बसतील. खजिनदारांची भाची म्हणते वर्डप्रेस, कारण ते फुकट आहे. गावात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवणारा मुलगा म्हणतो, तयार साइट बिल्डर घ्या, आठ दिवसांत उभी करून देतो. मला यातलं काही कळत नाही. पुन्हा साइट बुडाली तर माझ्या नावावर बुडेल. सगळ्यात चांगली सिस्टिम कोणती, एवढंच सांगा.

नमस्कार बाई,

शिक्षिका होतात म्हणून बाई म्हणतो. मॅडम लिहायला हात धजावत नाही.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअरची नावं पेन्सिलीनं खोडून पाहिली. उरलं ते असं : विश्वस्तांचा मुलगा, खजिनदारांची भाची आणि झेरॉक्सवाला. काम कुणाच्या माणसाला द्यायचं, यावर तुमची कार्यकारिणी अडली आहे. त्यात वाईट काही नाही, गावातल्या संस्था अशाच चालतात. पण भांडण माणसांचं आहे हे एकदा मान्य केलंत की पुढचं सोपं होईल. तिघांपैकी प्रत्येकाला देण्याजोगं काम माझ्याकडे आहे, ते पुढे सांगतो.

पूर्वी देऊळ बांधायचं तर शहाणी माणसं आधी दिवाबत्तीची तरतूद करत. जमिनीचा एखादा तुकडा इनाम लावून द्यायचा आणि त्याच्या उत्पन्नातून तेल-वात नि गुरवाचं पोट चालायचं. ज्यांनी सगळा पैसा कळसावर घातला, त्यांच्या देवळात पुढे वटवाघळं आली. तुमच्या २०१३ च्या साइटचं असंच झालं. कळस हौसेनं चढवला, पण तेलाचा खर्च कुणाच्या नावावर लागलाच नाही.

त्या साइटबद्दल थोडं बोलतो, कारण पत्रात सगळा दोष जुमलावर गेल्यासारखा वाटतो. २०१३ मधली साइट म्हणजे ती बहुधा जुमलाच्या २.५ या आवृत्तीवर असणार. त्या आवृत्तीची देखभाल तिच्या कर्त्यांनी ३१ डिसेंबर २०१४ ला थांबवली. पुढच्या आवृत्तीवर या, असं त्यांनी सांगितलंही होतं, पण ते ऐकायला वाचनालयात कुणी नव्हतं. मग आतल्या फटी उघड्या राहिल्या. अशा फटी शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस लाखो साइटची दारं ढकलून बघत असतात. तुमच्या वाचनालयाशी त्यांचं वैर नव्हतं, दार नुसतं लोटलेलं होतं. जपानी मजकूर हाही त्यातला ठरलेला प्रकार. साइटच्या पोटात जपानी भाषेतली ढीगभर पानं घुसवायची आणि गूगलवर शोधणारं गिऱ्हाईक नकली मालाच्या दुकानाकडे वळवायचं. वर्डप्रेस असतं तरी हेच झालं असतं, ड्रुपल असतं तरीही.

(जाता जाता : जुमला हे नाव स्वाहिलीतून घेतलंय, अर्थ 'सगळे मिळून'. स्वाहिलीत तो शब्द अरबीतून गेला. आपल्याकडेही तो तिथूनच आला आणि जुन्या हिशेबांत 'एकंदर जुमला' म्हणून बसला. म्हणजे तिघांत हेच एक नाव आपल्या ओळखीचं, आणि नेमकं तेच बदनाम झालं.)

आता भाचीचं म्हणणं घेऊ. वर्डप्रेस फुकट आहे हे खरं. पण जुमला फुकट आहे आणि ड्रुपलही फुकटच आहे. तिघांचा परवानाही एकाच जातीचा, कुणीही घ्यावं, वापरावं, बदलावं असा. तेव्हा फुकटपणावरून निवड होत नाही. शिवाय फुकट आलेल्या गोष्टीचा खर्च वाचनालयाच्या कार्यवाहांना मी काय सांगणार? कुणाचे आजोबा गेले की चारशे पुस्तकं देणगी म्हणून दारात येतात. मग त्यांची दाखलनोंद, शिक्के, बांधणी, डांबरगोळ्या, कपाट. पुस्तकं फुकट, कपाट विकत. वेबसाइटचं कपाट म्हणजे डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि महिन्यातून एकदा तिच्याकडे बघणारं माणूस.

विश्वस्तांच्या मुलाचं म्हणणं जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. ड्रुपल खरोखर दमदार आहे. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये ते खुलं केलं. जिथे मजकुराचे वीस प्रकार असतात, त्यांचे एकमेकांशी संबंध जोडायचे असतात, कुणी लिहायचं, कुणी तपासायचं, कुणी छापायचं याची उतरंड असते, तिथे ड्रुपलला तोड नाही. एखादं विद्यापीठ, एखादं मोठं संग्रहालय अशी ती जागा. आपल्या केंद्र सरकारचं खुल्या माहितीचं पोर्टल ड्रुपलवर उभं राहिलं, हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. अमेरिकेचं व्हाइट हाउससुद्धा २००९ मध्ये ड्रुपलवर गेलं होतं. पण २०१७ च्या डिसेंबरात ते वर्डप्रेसवर आलं. थोरामोठ्यांकडे बघून कपडे शिवायचे तर त्यांच्याइतके शिंपीही पदरी लागतात.

त्याला एक गोष्ट जरूर विचारा. ड्रुपल ७ ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार संपला. मधल्या काळात आठवी आवृत्ती आली, ती आतून इतकी बदललेली होती की सातवरून आठवर जाणं म्हणजे घर पाडून पुन्हा बांधणं. मोठ्या संस्थांनी ते केलं, छोट्या वर्षानुवर्षं सातवरच बसून राहिल्या. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ही उडी बरीच लहान झाली आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये नवख्यांसाठी 'ड्रुपल सीएमएस' नावाची तयार मांडणीही आली आहे. तरी प्रश्न राहतोच. चार वर्षांनी त्याला स्वतःची दोन मुलं असतील, नोकरी बदललेली असेल, आणि रविवारी सकाळी तुमचा फोन जाईल, 'साइट उघडत नाही रे.' तो उचलेल? नाही उचलला, तर तालुक्यात ड्रुपल जाणणारं दुसरं कोण आहे?

त्याच्या म्हणण्यातली दुसरी गोष्ट मला जास्त खटकते : 'सगळा कॅटलॉग त्यातच बसेल.' बसेल, पण का बसवायचा? पुस्तकांच्या नोंदी, सभासद, देवघेव, कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, या कामासाठी वेगळी सॉफ्टवेअर असतात. कोहा हे त्यातलं एक, तेही फुकट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी ते लिहिलं गेलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे. वेबसाइटच्या सिस्टिममध्ये ३८ हजार पुस्तकं कोंबणं म्हणजे सूचनाफलकावर दाखलनोंद रजिस्टर चिकटवण्यासारखं. वेबसाइटवर 'पुस्तक शोधा' असं एक बटण पुरे. ते दाबलं की माणूस कॅटलॉगच्या दारात जाईल.

आणि नोंदी संगणकात आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अजून रजिस्टरातच असतील तर ते दोन वर्षांचं वेगळं काम आहे. त्यासाठी साइट अडवून धरू नका. विश्वस्तांच्या मुलाला मात्र हेच काम द्या. कोहा बसवणं, नोंदींचा साचा ठरवणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं. यात त्याचं शिक्षण खरंच लागेल, त्याला कमीपणा वाटणार नाही आणि विश्वस्तही खूश. या कामाला व्याख्यानमालेसारखी तारीख नसते, म्हणून सवडीनं झालं तरी चालतं.

झेरॉक्सवाल्या मुलाला हसण्यावारी नेऊ नका. तयार बिल्डर म्हणजे सामानासकट भाड्यानं घेतलेली खोली. नळ गळला तर मालक बघतो, रंग मालक देतो. फटी बुजवणं, नव्या आवृत्त्या, सगळं त्यांच्याकडे. तुमच्या जुन्या साइटला जे मारलं ते इथे जवळजवळ उद्भवतच नाही. अडचण खोली सोडताना येते. पलंग, कपाट, पडदे तिथेच राहतात. मजकूर नि फोटो एकेक करून उचलावे लागतात आणि नव्या जागी पुन्हा मांडावे लागतात. कधी मालकच इमारत पाडतो. गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत एक छोटी फुकट वेबसाइट मिळायची. दुकानदार, डॉक्टर, घरगुती खानावळी अशा कितीतरी जणांनी ती घेतली होती. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सोय बंद केली. ज्यांनी कार्डांवर तोच पत्ता छापला होता त्यांची कार्डं रद्दीत गेली. बिल्डर घेतलात तरी डोमेन तुमचं स्वतःचं हवं, ते यासाठी. पाटी आपली असली की खोली बदलता येते.

मग मी काय घेईन? तुमच्या जागी मी वर्डप्रेस घेईन, आणि ते सगळ्यात चांगलं आहे असं म्हणणार नाही. २७ मे २००३ ला मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते पहिल्यांदा बाहेर काढलं, एका बंद पडत चाललेल्या प्रोग्रामवरून. आज जगातल्या दहापैकी चार साइट त्यावर आहेत. म्हणून त्याचा अर्धकच्चा का होईना, जाणकार प्रत्येक तालुक्यात सापडतो. कॉम्प्युटर क्लासवाला असतो, कॉलेजचा प्राध्यापक असतो, कुणाची तरी सून असते. एक गेला तर दुसरा मिळतो. बंगळुरूचा धडा तुम्ही एकदा घेतला आहे, म्हणून मी बाकी सगळ्या गुणांपेक्षा याला जास्त मार्क देतो.

त्याचे दोषही ऐका. सर्वांत आधी नावाचा घोळ. वर्डप्रेस डॉट कॉम ही भाड्याची खोलीच आहे, एक कंपनी ती चालवते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, ते आपण घेतलेल्या होस्टिंगवर बसवायचं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय. भाचीला विचारून घ्या ती कुठल्याबद्दल बोलते आहे, कारण पुष्कळांना हा फरक साइट झाल्यावर कळतो.

मग प्लगइन, म्हणजे जादा सोयींसाठी वरून जोडायचे छोटे प्रोग्राम. वर्डप्रेसमध्ये शिरकाव होतो तो बहुतेक वेळा जुन्या पडलेल्या प्लगइनमधून आणि थीममधून, म्हणजे साइटच्या तयार पोशाखातून. साइट करणारी मुलं उत्साहानं पंचवीस प्लगइन चढवतात. पडणारी फुलं, वर्तुळात फिरणारे फोटो, पाहुण्यांची मोजणी. तुम्हाला तीन-चार पुरे आहेत : बॅकअपसाठी एक, संपर्काच्या फॉर्मसाठी एक, स्पॅम अडवायला एक. आणि कुणी 'महागडी थीम फुकट टाकून देतो' म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चोरलेल्या थीममध्ये पुष्कळदा चोरदरवाजा ठेवलेला असतो. वर्डप्रेसची स्वतःची, वर्षाच्या नावानं येणारी साधी थीम घ्या. दिसायला साधी असते, पण कंटाळवाणी नसते. स्वतःहून अद्ययावत होण्याची सोयही चालू ठेवायला सांगा. छोट्या सुरक्षा-सुधारणा २०१३ पासून आपोआप बसतात आणि प्लगइन, थीमसाठी ही सोय २०२० पासून आहे. तुमच्या गुरवाचं निम्मं काम त्यात होतं.

ओढून-सोडून पानं मांडायचे पेज बिल्डर असतात, तेही टाळा. काही पेज बिल्डर असे आहेत की काढून टाकले की मजकूरभर चौकोनी कंसांतल्या खुणांचा कचरा उरतो. २०१८ च्या डिसेंबरपासून वर्डप्रेसचा स्वतःचा ठोकळ्यांचा संपादक आहे. तुमच्या कामाला तो भरपूर झाला.

आता मराठीचं. हे तुम्हाला तिघांपैकी कुणीही सांगितलं नसणार, म्हणून जरा वेळ घेतो.

फार वर्षांपूर्वी एका छोट्या मासिकाचे लेख मी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले. रात्री झोपलो, सकाळी उघडून बघतो तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. नव्या डेटाबेसची अक्षरमांडणी देवनागरी ओळखणारी नव्हती आणि मी ती तपासली नव्हती. एकदा अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं की त्यातून अक्षर परत निघत नाही. जुना बॅकअप होता म्हणून अब्रू वाचली. आजच्या कुठल्याही चांगल्या सिस्टिममध्ये हे सहसा होत नाही, पण जुन्या सर्व्हरवरून काही आणायचं असेल तर आधी दहा पानं हलवून बघायला सांगा.

तुमच्या वाचनालयाचा इतिहास कुणीतरी श्रीलिपी किंवा शिवाजी फॉण्टात टाइप करून ठेवलेला असणार. अशा संस्थांत तो असतोच. तो तसाच चिकटवला तर पानावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरमांडणीत, बदलून घ्यावा लागतो, आणि बदलून झाल्यावर एका डोळस माणसानं ओळ न ओळ वाचावी लागते. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. हे काम झेरॉक्सवाल्याला द्या. डीटीपीवाल्यांइतके जुने फॉण्ट कुणाला कळत नाहीत.

साइटची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा, हिंदी नको आणि इंग्रजीही नको. वर्डप्रेसमध्ये तशी सोय आहे, आतली पाटी-बटणंसुद्धा मराठी होतात. याचा एक सुंदर फायदा असा की नोटो देवनागरीसारखे फॉण्ट पानाची भाषा मराठी आहे हे ओळखून 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दाखवतात. हिंदी वळणाचा ल वाचनालयाच्या पानावर बघून तुमचे ज्येष्ठ सभासद पत्र लिहितील, तो त्रास वाचेल.

आणि पानांचे पत्ते. वर्डप्रेस मथळ्यावरून पत्ता तयार करतं आणि तो २०० चिन्हांत बसवतं. देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह सुद्धा, आत साठवताना नऊ चिन्हांची जागा खाते. म्हणजे बावीसेक खुणांत खेळ संपला. 'व्याख्यानमालेचे पहिले पुष्प' एवढा साधा मथळाही पुरा मावत नाही, 'पु'वर तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन पडण्याची शक्यता वेगळीच. तेव्हा मथळा मराठीतच द्या आणि खालच्या चौकटीत पत्ता रोमन लिपीत, छोटा, वर्षासकट लिहा. कर्मचाऱ्यांना ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

स्मरणिकांचे अंक साइटवर चढवू नका. स्कॅन केलेला एकेक अंक जड असतो, तुमचं होस्टिंग त्यात भरून जाईल आणि बॅकअप वर्षातून एकदाही पुरा होणार नाही. इंटरनेट आर्काइव्ह ही १९९६ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था असले ऐवज सांभाळते. तिथे संस्थेच्या नावानं खातं काढून चढवा आणि साइटवर फक्त दुवा द्या. मात्र आधी एक बघा. स्मरणिकेतल्या लेखांचा हक्क बहुधा लेखकांचा असतो, आणि आपल्या कायद्यात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. जे हयात आहेत त्यांना एक पोस्टकार्ड टाका. बहुतेकांना आनंदच होईल. आणि सभासदांची यादी फोन नंबरांसह कुठेही टाकू नका, 'पारदर्शकता' म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी.

निवड पक्की करण्यापूर्वी एक चाचणी घ्या, तुम्हाला परीक्षा घ्यायची सवय आहेच. तुमच्या दोन कर्मचाऱ्यांपैकी जो रोज मोबाइल वापरतो त्याला बसवा. भाचीला वर्डप्रेसची आणि झेरॉक्सवाल्याला बिल्डरची एक कच्ची साइट दाखवायला सांगा. मग कर्मचाऱ्यानं मोबाइलवरून एक बातमी टाकायची : वक्त्याचं नाव, विषय, वेळ, एक फोटो. पहिल्यांदा शिकवा. चार दिवसांनी, कुणाला न विचारता, पुन्हा टाकायला सांगा. दुसऱ्या वेळी जिथे जमेल ती तुमची सिस्टिम. वर्डप्रेसमध्ये अडला आणि बिल्डरमध्ये जमलं, तर मी वर इतकं लिहिलेलं बाजूला ठेवा आणि बिल्डर घ्या. पाच पानांची साइट भाड्याच्या खोलीत मजेत राहते. आणि दोन्हीकडे अडला, तर बातम्यांची साइट करूच नका. पत्ता, वेळ, वर्गणी, इतिहास, फोन एवढं एकच पान करा, व्याख्यानमाला फेसबुकवर चालू द्या. त्यात लाज कसली? वर्षभरापूर्वीची 'आगामी कार्यक्रम' पाटी मिरवण्यापेक्षा ते बरं.

पैशांचं असं करा. २५ हजार एकदम संपवू नका. उभारणीला (वर्डप्रेस ठरलं तर हे काम भाचीचं) दहा-बारा द्या, उरलेले पुढच्या तीन वर्षांच्या दिवाबत्तीसाठी बाजूला ठेवा. देणगीदारांना तसं सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत, फक्त पाटीवर त्यांचं नाव राहू द्या. वार्षिक देखभालीचं काम गावातल्याच मुलाला लेखी द्या : महिन्यातून एकदा साइट बघणं, अद्ययावत करणं, बॅकअपची प्रत वाचनालयाच्या संगणकावर उतरवणं. वर्षातून एकदा तो बॅकअप खरंच उलगडतो का, हे तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवणं. न उलगडलेला बॅकअप म्हणजे नुसती फाइल. होस्टिंग घेताना दुसऱ्या वर्षीचा दर विचारा, पहिल्या वर्षीचा भाव बहुतेकदा सवलतीचा असतो.

डोमेन वाचनालयाच्या नावावर, वाचनालयाच्या ईमेलवर, वाचनालयाच्या खात्यातून पैसे भरून घ्यायचं. कुणाच्याही वैयक्तिक मेलवर नाही, तुमच्याही नाही. जमलं तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. नूतनीकरणाची तारीख आणि साइटचा पत्ता डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवा, कपाट आणि पंख्यांच्या खाली. पासवर्ड सीलबंद पाकिटात, तिजोरीच्या किल्ल्यांसोबत. कार्यवाह बदलले की किल्ल्यांबरोबर पाकीट सुपूर्द करायचं आणि पासवर्ड बदलायचा. हे वाचणाऱ्या गणेश मंडळांनी, पतसंस्थांनी आणि दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलणाऱ्या परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनीही एवढा परिच्छेद कापून ठेवावा. त्या परदेशातल्या मंडळांत तर माणसं गावच नाही, देश बदलतात.

इतरांसाठी दोन ओळी. एकट्यानं चालवायची कवितांची किंवा लेखांची जागा असेल तर बिल्डरही चालेल, फक्त लिहिलेल्याची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवा. कोकणात दोन खोल्यांचं घर पर्यटकांना देत असाल तर एक पान, नकाशा आणि फोन नंबर पुरे. आणि आठ भाषांत, चाळीस संपादकांसह काही उभारायचं असेल, तर विश्वस्तांच्या मुलाचं ऐका.

बाई, 'मला यातलं काही कळत नाही' असं तुम्ही लिहिलंत. पण मुलगा बंगळुरूला गेला, मुदत संपली, हे सगळं तुमच्याच पत्रात आहे, आणि तंत्र जाणणाऱ्या तिघांपैकी एकानंही त्याबद्दल विचारलेलं दिसत नाही. पुढच्या बैठकीत तुम्ही विचारा.

राहिला जुना पत्ता. तो परत मिळवण्याच्या नादी लागू नका. सट्टेवाल्यांकडे गेलेलं डोमेन ते सोडतील तर भावानंच सोडतील. नवं घ्या. जुना मजकूर हवा असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून २०१३-१४ ची पानं बघा. टिपलेली असली तर इतिहास पुन्हा टाइप करायला लागणार नाही. आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकांवर तो जुना पत्ता छापलेला असेल तर आजच शिक्का करून त्यावर मारायला घ्या. आत्ता या घडीला तुमचे सभासद घरी जाऊन तोच उघडत असतील.